गादी, सुई आणि कुंभाराचं गाढव



गेल्या दोन व्याख्यानांत आपण कार्यकारणभाव न्यायदर्शनाच्या अंगानं पाहिला. कारण कशाला म्हणायचं, नुसतं आधी घडलेलं आणि खरोखर घडवणारं यांत फरक कसा करायचा, यावर बराच खल झाला. त्यानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण याचा संसारात उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज विषय घेतलाय तो तुमच्या-आमच्या अक्षरशः पाठीशी लागलेला: मणक्यातली चकती खराब झाल्यामुळे वर्षानुवर्षं दुखणारी पाठ आणि तिच्यावरचे सुईनं करायचे नवे उपचार.

या उपचारांची नावं तुम्ही ऐकली असतील. पीआरपी, स्टेम सेल, बोन मॅरोचं इंजेक्शन. सगळ्यांना मिळून रिजनरेटिव्ह म्हणतात, आपण पुनर्निर्मितीचे उपचार म्हणू. वचन असं असतं की ऑपरेशन नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी, आणि झिजलेली गादी पुन्हा तयार. आठ-दहा वर्षं पाठीनं छळलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल, याची कल्पना करा. तो पतसंस्थेत कर्जाचा अर्ज भरेल, बायकोचे दागिने ठेवील. तेव्हा हा दावा नीट तपासून घेणं हा केवळ बुद्धीचा खेळ नाही.

आम्ही डॉक्टर नाही. कुणी काय उपचार घ्यावा, हे आम्ही सांगणार नाही. दावा तपासायचा कसा, एवढंच आमचं काम.

'गॅप पडलाय' म्हणजे काय?

सुरुवात भाषेपासून करू. आपल्याकडं पाठीच्या दुखण्याला तीन वाक्यं ठरलेली आहेत. "मणक्यात गॅप पडलाय." "गादी सरकलीय." "नस दबलीय." मार्केट यार्डातला गुळाचे रवे उचलणारा हमाल असो, हुपरीत दिवसभर मान खाली घालून चांदीकाम करणारा कारागीर असो, नाहीतर बँकेतला कारकून असो, वाक्यं हीच.

या शब्दांनी आपल्या डोळ्यांपुढं एक चित्र उभं राहतं. मणके म्हणजे एकावर एक रचलेल्या विटा, मधे कापसाच्या गाद्या. गादी दबली की विटा एकमेकींवर घासतात. मग उपायही त्या चित्रातूनच सुचतो: गादीत पुन्हा कापूस भरा. पुनर्निर्मितीची जाहिरात आपल्याला चटकन पटते, त्याचं एक कारण हे आहे. ती आपल्या मनातल्या चित्राशी तंतोतंत जुळते. पण चित्राशी जुळणं म्हणजे वस्तुस्थितीशी जुळणं नव्हे. तेव्हा आधी वस्तू पाहू.

पाठीच्या कण्यात अशा २३ चकत्या असतात. प्रत्येकीच्या मधोमध मऊ, पाणी धरून ठेवणारा गाभा असतो. तरुणपणी त्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. त्याभोवती चिवट तंतूंचे थरावर थर असतात, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. वर आणि खाली कूर्चेची पातळ पाटी असते. ही चकती सरकत नाही. मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते. फार तर फुगते, किंवा तिचं कडं फाटून गाभ्याचा भाग बाहेर येतो. हे १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी स्पष्टपणे मांडलं. बाहेर आलेल्या त्या भागानं मज्जातंतू चेपला की कंबरेपासून पायात जाणारी कळ येते. आयुर्वेदात तिलाच गृध्रसी म्हणतात, डॉक्टर सायटिका म्हणतात.

दिवसभर आपण उभे राहतो, बसतो, वजन उचलतो, तेव्हा या चकत्यांतलं पाणी थोडं पिळून निघतं. रात्री आडवं झालं की परत येतं. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एखाद-दोन सेंटिमीटर जास्त भरते. मोजून पाहा घरी.

आता आजच्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रौढ माणसाच्या चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. रक्तपुरवठा नसलेला शरीरातला हा सर्वांत मोठा अवयव. मग पोषण कसं होतं? शेजारच्या हाडातल्या रक्तातून, त्या कूर्चेच्या पाटीतून झिरपत झिरपत. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचे डॉ. एस. राजशेखरन यांनी यावर काम केलं. रक्तात एक द्रव्य सोडायचं आणि ते चकतीपर्यंत कसं पोचतं ते एमआरआयवर पुन्हा पुन्हा पाहायचं. २००४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडात ते द्रव्य मिनिटांत पोचतं, चकतीच्या मधोमध पोचायला काही तास लागतात. म्हणजे पाटाच्या अगदी टोकाचं शेत समजा. वरच्यांचं भागलं तर पाणी मिळणार.

अशा ठिकाणी प्राणवायू कमी, साखर कमी, आम्लता जास्त. आधीच्या पेशी तिथं कशाबशा तग धरून असतात. वय वाढलं की ती पाटी कठीण होते, झिरपणं आणखी कमी होतं. अशा कोरडवाहू रानात नवं बी टाकायचं, असा हा प्रयोग आहे. बी कितीही चांगलं असलं तरी पाण्याचं काय, हा प्रश्न राहतोच.

फोटोत दिसतं ते आणि दुखतं ते

समजा चकती झिजली. मग पाठ दुखणारच ना? इथं पहिला धक्का आहे.

१९९४ साली अमेरिकेत, ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशा ९८ लोकांचे एमआरआय काढले. निम्म्याहून अधिक लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. एकूण ३,११० माणसं, सगळी न दुखणारी. वयाच्या विशीत ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीत ९६ टक्क्यांच्या. दुखणं मात्र कुणालाच नव्हतं.

म्हणजे चकतीची झीज ही बरीचशी केस पिकण्यासारखी आहे. याचा अर्थ चकतीमुळे पाठ कधीच दुखत नाही, असा नाही. दुखते. चकतीचं कडं फाटलं की बाहेरच्या भागातले सूक्ष्म मज्जातंतू आत वाढू शकतात, दाह होतो, ती दुखरी होते. पण नुसता एमआरआय पाहून "हीच ती गुन्हेगार" असं बोट दाखवता येत नाही. दुखणाऱ्या पाठीच्या एमआरआयमध्ये झीज दिसली, तर ती दुखण्याचं कारण असेल किंवा शेजारी नुसती उभी असेल. चोरी झाली तेव्हा गल्लीत होता म्हणून माणूस चोर ठरत नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवू. पुनर्निर्मितीच्या दाव्यात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. चकती खरंच सुधारली का? दुखणं कमी झालं का? आणि दुखणं कमी झालं, ते त्या सुईमुळेच का? जाहिरातीत हे तीन प्रश्न एकाच वाक्यात गुंफलेले असतात. ते सुटे करणं हे आपलं काम.

सुईतून आत काय जातं?

मुख्य दोन प्रकार सांगतो. पीआरपी म्हणजे प्लेटलेट रिच प्लाझ्मा. रुग्णाचंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, प्लेटलेट्स एकवटलेला भाग वेगळा करायचा. जखम झाली की रक्त गोठवायला आणि डागडुजी सुरू करायला या प्लेटलेट्स धावतात. वाढीला चालना देणारी द्रव्यं त्यांच्यात असतात. तो भाग क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत बारीक सुईनं चकतीत सोडतात. दुसरा प्रकार पेशींचा. कमरेच्या हाडातला मगज काढून तो किंवा त्यातल्या मूलपेशी वाढवून सोडायच्या. कधी दुसऱ्या निरोगी माणसाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी वापरतात.

कल्पना तर्कशुद्ध आहे, त्यात भोंदूगिरी काही नाही. जगभरचे गंभीर संशोधक यावर काम करतायत. फक्त 'तर्कशुद्ध' आणि 'सिद्ध' हे दोन शब्द शेजारी राहतात म्हणून ते सख्खे भाऊ होत नाहीत.

आणि 'कमीत कमी छेद' म्हणजे शून्य इजा, असंही नाही. चकतीत सुई घालून तपासणी केलेल्या लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा करून २००९ साली अमेरिकेतून एक अभ्यास आला. सुई टोचलेल्यांच्या ३५ टक्के चकत्यांत झीज वाढलेली दिसली, न टोचलेल्यांच्या १४ टक्के. बारीक सुई, पण चकतीला ती भोकच पाडते. शिवाय रक्त न पोचणाऱ्या जागी जंतू शिरले तर त्यांना बाहेर काढणं अवघड. असं क्वचित होतं, पण झालं तर महिनोन्‌महिने जातात. सशांवरच्या एका प्रयोगात सोडलेल्या पेशी बाहेर गळून कडेला हाडाचे काटे वाढलेलेही आढळले आहेत.

पपईची गोष्ट

चकतीत सुईनं काहीतरी सोडायची कल्पना नवी नाही. आपल्याकडं मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा टाकतात, हे कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही. पपईच्या चिकातलं विकर मांस विरघळवतं. त्याच चिकातलं कायमोपपेन हे विकर १९६३ साली अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ लायमन स्मिथ यांनी माणसाच्या चकतीत टोचलं. हेतू असा की बाहेर आलेला गाभा पचून जावा आणि नस मोकळी व्हावी. १९८२ साली अमेरिकेत त्याला सरकारी मान्यता मिळाली. सायटिकामध्ये ते खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं होतं, हेही खरं. पण काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, अगदी थोड्यांना लुळेपण आलं. उत्साह ओसरला आणि पुढं ते बाजारातून गेलं.

त्यानंतर उष्णतेची पाळी आली. चकतीत बारीक तार घालून ती तापवायची, म्हणजे फाटलेलं कडं आवळतं. २००० सालच्या आसपास याचा फार बोलबाला होता. पहिले अहवाल झकास होते. मग २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५७ रुग्णांवर नीट चाचणी केली. काहींची तार खरंच तापवली, काहींची नुसती घालून ठेवली, आणि कुणाचं काय केलं ते रुग्णाला कळू दिलं नाही. यशाची जी पातळी आधी ठरवली होती, ती दोन्ही गटांतल्या एकाही रुग्णानं गाठली नाही.

हा इतिहास सांगतोय तो नव्या उपचारांना आधीच फेटाळून लावायला नव्हे. 'पहिले अहवाल झकास' हा या क्षेत्रातला नेहमीचा पहिला अंक आहे, एवढंच दाखवायला.

गाढव कुठं आहे?

आता न्यायदर्शनाकडं वळू. नैयायिकांचं आवडतं उदाहरण घट आणि कुंभार यांचं. घटाची कारणं कोणती? माती, चाक, काठी, कुंभार. बरं, माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली ते गाढव? तेही घटाच्या आधी तिथं होतं. पण नैयायिक म्हणतात, गाढव कारण नाही. कारण गाढवाशिवायही घट होतो. माती डोक्यावरून आणा, गाडीतून आणा, घट होणारच. अशा गोष्टीला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आपल्या गंगावेशीच्या कुंभार गल्लीत आज किती गाढवं आहेत? गणपती मात्र दरवर्षी घडतात.

एखादी गोष्ट कारण आहे की गाढव, हे ओळखायचा मार्ग एकच. ती काढून घ्या आणि बघा, कार्य घडतं का.

आपल्याकडं उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात. जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू. त्यानं पाठीला पाय लावला की दोन-चार दिवसांत उसण जाते. जाते, यात शंका नाही! पण अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आपोआपच उतरते. पायाळूचा पाय नसता तरी उतरली असती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, तिला संस्कृतात काकतालीय न्याय म्हणतात.

हसू नका, कारण सुईच्या बाबतीत फसणं याहून सोपं आहे. जुनं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. माणूस डॉक्टरकडं जातो तो भरतीच्या दिवशी, सहन होईना तेव्हा. त्यानंतर ओहोटी येणारच असते. त्यात मोठ्या दवाखान्यातलं यंत्र, भरलेले पैसे, धीर देणारे डॉक्टर. या सगळ्यानं दुखणं खरोखर कमी जाणवतं, तो रुग्णाचा खोटेपणा नव्हे. बाहेर आलेला गाभाही बऱ्याचदा शरीर स्वतःच शोषून घेतं. २०१५ च्या एका आढाव्यात, पूर्ण तुटून बाहेर पडलेले तुकडे ९६ टक्के वेळा लहान झालेले आढळले, नुसते फुगवटे मात्र १३ टक्केच. जितकं दिसायला भयंकर, तितकं विरण्याची शक्यता जास्त!

तेव्हा "आमच्या शंभर रुग्णांपैकी सत्तर बरे झाले" असं कुणी म्हणालं, तर विचारायचं: सुई न दिलेल्या शंभरांतले किती बरे झाले असते?

याच प्रश्नाचं उत्तर काढायला तुलनेच्या चाचण्या करतात. चिठ्ठ्या टाकून दोन गट. एकाला खरं औषध, दुसऱ्याला खारं पाणी किंवा तसंच काही निरुपद्रवी. म्हणजे एका गटातलं गाढव काढून घ्यायचं आणि घट होतो का बघायचं.

काय दिसलं ते सांगतो. पीआरपीची न्यूयॉर्कमधली २०१६ ची चाचणी ४७ लोकांवर झाली. आठ आठवड्यांनी पीआरपी गटात दुखण्यात आणि हालचालीत काही बाबतींत सरस फरक दिसला. आठ आठवड्यांनंतर मात्र दुसऱ्या गटालाही पीआरपी घ्यायची मुभा होती, त्यामुळे पुढची तुलना उरली नाही. २०२२ साली २६ रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीत पीआरपी आणि खारं पाणी यांत ठोस फरक आढळला नाही. पेशींची मोठी चाचणी मेसोब्लास्ट या कंपनीनं अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ४०४ रुग्णांवर केली. २०२१ साली निकाल आला. आधी ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. ज्यांचं दुखणं त्या मानानं अलीकडचं होतं त्यांच्यात मात्र फायद्याची खूण दिसली, म्हणून नवी चाचणी हाती घेतली गेली. युरोपातली ११४ रुग्णांची चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. दुखणं आणि चकतीतलं पाणी अशा दोन्ही कसोट्या लावल्या होत्या. मुख्य उद्दिष्ट तिथंही साधलं नाही.

नीट लक्षात घ्या. या चाचण्यांतल्या पुष्कळ रुग्णांचं दुखणं कमी झालं. पण ते खाऱ्या पाण्याच्या किंवा खोट्या इंजेक्शनच्या गटातही कमी झालं. घट झाला, पण गाढवाशिवायही झाला.

न दिसणं म्हणजे नसणं नव्हे

इथं थांबलो तर आम्ही एकतर्फी बोललो असं होईल. आपल्या परंपरेत दुसरंही एक अवजार आहे: मीमांसकांची अनुपलब्धी. टेबलावर पेन दिसत नाही, यावरून "पेन नाही" हे कळतं. पण अंधाऱ्या खोलीत पेन दिसलं नाही म्हणून ते नाही, असं म्हणता येत नाही. असतं तर दिसलं असतं, अशी परिस्थिती हवी. तिला योग्य अनुपलब्धी म्हणतात.

२६ रुग्णांची चाचणी ही मिणमिणता दिवा आहे. तिच्यात फायदा दिसला नाही, यावरून फायदा नाहीच, असं ठरत नाही. ४०४ रुग्णांची चाचणी ही बऱ्यापैकी ट्यूबलाइट. तिच्यात सरसकट मोठा फायदा असता तर बहुधा दिसला असता. पण एखाद्या कोपऱ्यात, म्हणजे ठरावीक रुग्णांत, ठरावीक टप्प्यावर काही सापडणारच नाही, असंही नाही. काही तज्ज्ञ असंही म्हणतात की खारं पाणी पूर्ण निष्क्रिय नसावं, दाहाची द्रव्यं ते पातळ करत असेल. मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. पण मग खारं पाणीच पुरे की, लाखाच्या पेशी कशाला, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

तेव्हा प्रामाणिक निष्कर्ष असा. ही वाट आशेची आहे, संशोधन चालू राहायला हवं, पण झिजलेली चकती सुईनं पुन्हा निर्माण होते आणि त्यामुळे पाठ बरी होते, हे आज सिद्ध झालेलं नाही. संशोधनाच्या दालनात ज्याला जागा आहे, त्याला दुकानाच्या फळीवर जागा असेलच असं नाही.

भारताच्या नियमांचाही कल हाच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या ठरावीक विकारांसारखे मान्य उपयोग सोडले तर मूलपेशी फक्त रीतसर चाचणीतच वापराव्यात. गुडघ्याच्या संधिवातासाठी बंगळुरूत तयार झालेल्या एका पेशी-उत्पादनाला २०२२ साली मान्यता मिळाली. पण गुडघ्याचा परवाना पाठीला चालत नाही.

तुमच्या हातात काय आहे?

आहे, बरंच काही आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली सांगितलं की रुग्णाची संमती म्हणजे कागदावरची सही नव्हे. उपचार काय, कशासाठी, फायदा किती, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, आणि उपचार नाही घेतला तर काय होईल, हे सांगणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे. हा शेवटचा प्रश्न पाहा. 'नाही घेतला तर काय होईल?' हा नैयायिकांचाच प्रश्न आहे. गाढव काढलं तर काय, हे विचारायचा हक्क तुम्हाला कायद्यानं दिलाय.

तेव्हा दवाखान्यात नम्रपणे विचारा. माझ्या दुखण्याचं कारण हीच चकती, हे कशावरून? हा उपचार मान्यताप्राप्त आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर नोंदणी क्रमांक काय? आपल्याकडं २००९ पासून प्रत्येक चाचणीची नोंदणी सक्तीची आहे आणि ती यादी कुणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. नोंदवलेल्या चाचणीत इजा झाली तर उपचाराची जबाबदारी चाचणी करवणाऱ्यावर असते, २०१९ च्या नियमांत तसं लिहिलेलं आहे. प्रयोगही म्हणायचा, पूर्ण पैसेही घ्यायचे आणि नोंदणीही नाही, असं असेल तर सावध व्हा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि मधल्या काळात करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांचा भर दुखण्याची नीट समजूत, नियमित व्यायाम, मनाला आधार देणारे उपचार आणि बेतानं वापरलेली साधी दाहशामक औषधं यांवर आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीचा उपाय म्हणून वापरू नका, असं ती सांगतात. यात चमत्कार काही नाही. रंकाळ्यावर सकाळी चालणाऱ्याला हे कळतं: दुखणं पूर्ण जात नाही, पण आयुष्य परत मिळतं. मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, बैठकीचा भाग बधिर झाला, पायातली ताकद कमी होत चालली, किंवा पाठदुखीबरोबर ताप आणि वजन घटणं असेल, तर व्यायाम-बियायाम नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आपल्याकडं मणक्याचा क्षयही दुर्मीळ नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, माझ्या मेव्हण्यानं पीआरपी घेतलं आणि तो खरंच बरा झाला. तुम्ही म्हणता तो खोटं बोलतोय?*

अजिबात नाही. त्याचं दुखणं कमी झालं, ही वस्तुस्थिती. ती त्याच्याइतकी दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. पण दुखणं का कमी झालं, याचा तो साक्षीदार नाही. साक्षीदार घटनेचा असतो, कारणाचा नसतो. त्याचा आनंद त्याला असू द्या. त्याच्या अनुभवावरून तुम्ही कर्ज काढू नका, एवढंच.

*तालमीतल्या पैलवानांना पाठीचं दुखणं कमी असतं, मग आम्हीही जोर-बैठका सुरू कराव्यात का?*

ज्याची पाठ टिकली तोच तालमीत टिकला, हेही असू शकतं ना? ज्यांची गेली ते मोतीबाग तालमीत तुम्हाला दिसणारच नाहीत, ते घरी बसलेत. पाहा, गाढव कुठंही लपतं. व्यायाम जरूर करा, पण जाणकार फिजिओथेरपिस्टला विचारून, आपल्या वयाला झेपेल तसा.

*पण सर, दहा वर्षं दुखणाऱ्या माणसाला तुम्ही आशा सोडायला सांगताय का?*

हा प्रश्न सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी घेतला. नाही. आशा आणि किंमत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, एवढंच म्हणतोय. आशेनं कुणी नोंदवलेल्या चाचणीत भाग घेतला, तर त्याचं दुखणं उद्याच्या हजारोंच्या उपयोगी पडेल, निकाल काहीही लागो. तीच आशा पैसे मोजून बिननोंदणीच्या खोलीत खर्च झाली, तर कुणालाच काही कळत नाही, त्यालाही नाही. दुखणाऱ्या माणसाला खोटं आश्वासन देणं सोपं आहे. त्याच्या शेजारी बसून "यातलं किती ठाऊक आहे आणि किती नाही" हे सांगणं जड जातं. पण दुखणाऱ्या माणसालाही खरं कळण्याचा हक्क आहे. दुखतंय म्हणून तो हक्क कमी होत नाही, उलट वाढतो.

पुढच्या वेळी साक्ष आणि शब्दप्रमाण यांवर बोलू. डॉक्टरांचा, वर्तमानपत्राचा, मेव्हण्याचा शब्द कधी मानायचा, यावर. आज बराच वेळ बसलात. आता उठा, जरा चाला.